जुना मरीन टँक पुन्हा सुरू करायचाय? सेकंडहँड खाऱ्या पाण्याच्या ॲक्वेरियमची A टू Z नव्हे, 'काचेपासून माशापर्यंत' गाइड

जुन्या वस्तूंच्या ॲपवर 'फिश टँक' सर्च केलंत तर एक जाहिरात हमखास दिसते: मरीन टँक, फुल सेट, शिफ्टिंगमुळे देणे आहे. फोटोत धूळ बसलेली काच, कडांवर मिठाचा पांढरा थर, बाजूला दोन-तीन पंप आणि एक मोठा लाइट. किंमत नव्या सेटच्या निम्म्याहून कमी. 'निमो'वाले मासे घरात पोहताना डोळ्यांसमोर येतात आणि बोट आपोआप चॅटच्या बटणावर जातं.

थांबा. जुना फोन घेताना आपण बॅटरी हेल्थ बघतो, बिल मागतो, मग पैसे देतो. इथे तर आत जीव ठेवायचे आहेत. जुन्या टाकीत एखादी गोष्ट चुकीची राहिली, तर 'रिस्टार्ट' मारून सुटका होत नाही, मासे मरतात. शिवाय काही टाक्यांमध्ये अशा वस्तू असतात की त्या घरात ठेवणं हाच गुन्हा आहे. म्हणून आज आपण जुना मरीन टँक कसा तपासायचा, साफ करायचा आणि पुन्हा चालू करायचा हे क्रमाने पाहूया. उदाहरणासाठी आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये मावणारी तीन फुटी टाकी घेऊ: ९० सेंमी लांब, ४५ रुंद, ४५ उंच.

मरीन टँक म्हणजे नक्की काय?

गोड्या पाण्याच्या टाकीत नळाचं पाणी, एक फिल्टर आणि थोडी काळजी एवढ्यावर काम भागतं. मरीन टँकमध्ये पाणीच आपण तयार करतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. हे प्रमाण, तापमान आणि पाण्याचा पीएच असे तिन्ही आकडे स्थिर ठेवणं हेच सगळं काम.

त्यासाठी टाकीसोबत साधारण एवढं सामान येतं:

• सम्प: मुख्य टाकीखाली कॅबिनेटमध्ये असलेली छोटी टाकी. फिल्टर, स्किमर, हीटर सगळं यात बसतं.
• रिटर्न पंप: सम्पमधलं पाणी पुन्हा वर चढवतो.
• प्रोटीन स्किमर: पाण्यात अतिशय बारीक बुडबुडे सोडतो. माशांची विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातले चिकट घटक बुडबुड्यांना चिकटतात, फेस होऊन वर येतात आणि कपात गोळा होतात. डाळ उकळताना वर फेस येतो ना, काहीसं तसंच.
• वेव्हमेकर: टाकीत प्रवाह तयार करणारा पंखा.
• रॉक आणि वाळू: ही सजावट वाटते, पण खरा फिल्टर हाच. यांच्या छिद्रांत राहणारे जिवाणू पाणी जगण्यालायक ठेवतात.

घ्यायच्या आधी: दहा मिनिटांची तपासणी

१. टाकी बंद होऊन किती दिवस झाले? चालू असलेली टाकी आणि सहा महिने कोरडी पडलेली टाकी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. कोरड्या टाकीतले उपयोगी जिवाणू मेलेले असतात, पण माशांच्या रोगाचे परजीवीही मेलेले असतात. म्हणजे कोरडी टाकी हा नवा फॉर्मॅट मारलेला फोन समजा.

२. कधी कॉपरचं औषध टाकलं होतं का? हा सर्वात महत्त्वाचा प्रश्न. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की अनेक जण तांबं असलेलं औषध वापरतात. मासे ते सहन करतात, पण कोळंबी, गोगलगाय, खेकडे यांना अगदी थोडं तांबंही मारतं. रॉक आणि वाळू तांबं शोषून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. उत्तर 'हो' किंवा 'आठवत नाही' असेल तर जुने रॉक आणि वाळू घेऊच नका.

३. काचेच्या कडा. कोपऱ्यात टवका उडालाय का, तळाच्या काचेला केसासारखी रेघ आहे का, हे टॉर्च तिरका धरून पाहा. ओरखडे चालतील, तडा चालणार नाही.

४. सिलिकॉन. सांध्यांवरचं सिलिकॉन नखाने हळूच दाबा. ते रबरासारखं लवचीक हवं. कडा सुटलेल्या, आत बुडबुडे किंवा पांढरट पापुद्रे असतील तर ते काम तुमच्या अंगावर येणार.

५. स्टँड. प्लायवूड किंवा एमडीएफ पाणी पिऊन फुगलं असेल तर स्टँडची किंमत शून्य धरा. लोखंडी असेल तर वेल्डिंगच्या जागी गंज बघा.

६. पंप आणि स्किमर समोर चालवून दाखवायला सांगा, पण बादलीभर पाण्यात. कोरडा चालवला तर चांगला पंपही खराब होतो.

वजनाचा हिशेबही आधीच करा. आपल्या उदाहरणातल्या टाकीची पूर्ण क्षमता १८२ लिटर. वरची मोकळी जागा आणि रॉक वजा करता साधारण १५० लिटर पाणी बसतं. त्याचं वजन सुमारे १५४ किलो. दहा मिलिमीटर काच असेल तर चाळीस किलो काच, वर रॉक, वाळू आणि स्टँड. एकूण अडीचशे किलोच्या पुढे. हे वजन बाल्कनीत ठेवू नका. भिंतीलगत, सपाट फरशीवर ठेवा, आणि शंका असेल तर सोसायटीच्या इंजिनिअरला विचारा.

कायदा: हा भाग वगळू नका

अनेक जुन्या मरीन टाक्यांमध्ये 'लाइव्ह रॉक' किंवा रंगीत कोरल मिळतात आणि विकणारा ते बोनस म्हणून सांगतो. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे. २००१ मध्ये सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. म्हणजे कायद्याच्या नजरेत त्यांचं संरक्षण वाघाच्या पंक्तीतलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे. मेलेल्या प्रवाळाचा पांढरा सांगाडाही यातून सुटत नाही, आणि बाजारात 'लाइव्ह रॉक' म्हणून मिळणारे बरेच तुकडे हे प्रवाळाचेच सांगाडे असतात.

त्यामुळे नियम सोपा ठेवा: टाकी, पंप, लाइट घ्या. प्रवाळ, प्रवाळाचे दगड, समुद्रघोडे घेऊ नका, फुकट दिले तरी. कोकणात फिरायला गेलात तर मालवणच्या किनाऱ्यावरून 'छान दिसतो' म्हणून दगड उचलून आणू नका. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि तिथे खरोखरचे प्रवाळ आहेत.

मग फिल्टरचं काय? सिमेंट किंवा सिरॅमिकचे कृत्रिम रॉक मिळतात. त्यांना भरपूर छिद्रं असतात आणि जिवाणू तिथेही तितक्याच आनंदाने राहतात. ही गाइड अशाच टाकीसाठी आहे: मासे, कृत्रिम रॉक, वाळू. कोरल नाही.

घरी आणताना

टाकी कधीही पाणी किंवा वाळू ठेवून उचलू नका. चार सेंटिमीटर वाळू शिल्लक असली तरी उचलताना तळाच्या काचेवर नको तिथे ताण येतो. पूर्ण रिकामी करा, खाली जुनी गादी किंवा थर्माकोल ठेवा, आणि तळाला हात लावून उचला, वरच्या पट्टीला धरून नाही.

टाकी चालू असेल आणि रॉक कृत्रिम असतील तर त्यांना जुन्याच पाण्यात, झाकणाच्या बादलीत बुडवून आणा. ते ओले राहिले तर जिवाणू जगतात आणि तुमचे काही आठवडे वाचतात. जुनी वाळू मात्र फेकून द्या. वर्षानुवर्षं साचलेल्या थरात सडका कचरा असतो, तो ढवळला की अमोनिया सुटतो. खोल थरात तर सडक्या अंड्याचा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायूही असू शकतो. नवी वाळू महाग नाही.

सफाई: साबण नाही, व्हिनेगर

काचेवरचा जांभळा किंवा पांढरा कडक थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, खडूचाच भाऊ. तो आम्लात विरघळतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळा, कापड भिजवून थरावर अर्धा तास चिकटवून ठेवा. बुडबुडे येतील, म्हणजे काम चालू आहे. नंतर काचेवर सरळ ब्लेड चालवा, पण सिलिकॉनच्या सांध्यापासून एक सेंटिमीटर लांब. व्हिनेगर नसेल तर कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवा, तेही चालतं.

भांड्यांचा साबण, डिटर्जंट, फरशीचं फिनेल यातलं काहीही वापरू नका. सिलिकॉनमध्ये त्याचा अंश राहतो.

जुने कृत्रिम रॉक कोरडे आणि शेवाळलेले असतील तर ब्लीच वापरता येतं: दहा भाग पाण्याला एक भाग साधं घरगुती ब्लीच, एक दिवस बुडवून ठेवायचं, मग भरपूर धुवायचं, क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात ठेवायचं आणि आठवडाभर कडक उन्हात वाळवायचं. ब्लीचचा वास पूर्ण गेल्याशिवाय रॉक टाकीत नको.

इथे दोन इशारे ठळक लक्षात ठेवा.

पहिला: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसांवर हल्ला करतो. छोट्या बाथरूममध्ये तर अजिबात नको.

दुसरा: जुने रॉक 'निर्जंतुक' करायला गॅसवर उकळू नका. रॉकवर झोअँथिड नावाचे छोटे फुलासारखे जीव असतील तर त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि ते निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक आहे. उकळल्यावर ते वाफेसोबत हवेत जातं. अशा घटनांमध्ये परदेशात अख्खी कुटुंबं हॉस्पिटलमध्ये गेली आहेत. घासताना हातमोजे आणि चष्मा घाला.

गळती तपासणं आणि सिलिकॉन

टाकी स्वच्छ झाली की तिच्या पक्क्या जागी नको, बाथरूमच्या बाहेरच्या सपाट फरशीवर किंवा गच्चीत ठेवा. खाली थर्माकोलची शीट आणि त्यावर वर्तमानपत्र. नळाचं पाणी एक चतुर्थांश भरा, तासभर थांबा, मग अर्धं, मग पूर्ण. ४८ तास तसंच राहू द्या. कागद ओला झाला तर गळती कुठे आहे ते लगेच कळतं.

गळती निघाली तर वरून नवं सिलिकॉन लावून भागत नाही. नवं सिलिकॉन जुन्या सिलिकॉनला नीट चिकटत नाही. आतल्या बाजूची सगळी पट्टी ब्लेडने काढायची, काच स्पिरिटने पुसायची आणि चारही बाजूंना एकाच वेळी नवी पट्टी ओढायची. सिलिकॉन ॲक्वेरियमसाठीचंच घ्या. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं आणि ते माशांना विष आहे. लावल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो वास पूर्ण जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पाणी भरू नका.

दोन काचांच्या मधला जोडच सुटला असेल तर मात्र हट्ट करू नका. टाकी बनवणाऱ्या कारागिराकडे द्या किंवा नवी काच घ्या. दीडशे लिटर पाणी हॉलमध्ये सांडलं तर खालच्या मजल्यावरच्या काकांचं सीलिंगही तुमच्याच खात्यात जमा होतं.

पंप, स्किमर, हीटर

पंप उघडा, आतला चुंबक असलेला पंखा बाहेर काढा आणि सगळे भाग व्हिनेगरच्या पाण्यात दोन तास ठेवा. जुन्या टूथब्रशने घासा. 'खराब' म्हणून विकलेले कित्येक पंप एवढ्यानेच चालू होतात. चुंबकाचं आवरण फुगलेलं किंवा गंजलेलं असेल तर पंखा बदला.

स्किमरमध्ये हवा ओढणारी बारीक नळी असते. तिच्यात मिठाचा खडा अडकला की बुडबुडे बंद. ती गरम पाण्याने मोकळी करा. साफ केलेला स्किमर पहिले काही दिवस नीट फेस देत नाही. घाबरू नका.

हीटर हा एकमेव भाग जुना वापरू नये असं माझं मत आहे. त्याचा थर्मोस्टॅट 'चालू' अवस्थेत अडकला तर रात्रीत मासे शिजतात. मुंबई-कोकणात हीटर फारसा लागतही नाही. नाशिक, पुणे, विदर्भाच्या हिवाळ्यात लागतो. लिटरमागे एक वॉट या हिशेबाने १५० वॉटचा नवा घ्या.

वीज आणि खारं पाणी

खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे, म्हणून तीन गोष्टी सक्तीच्या:

• टाकीच्या बोर्डला ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी हवीच. गळणारा करंट लक्षात येताच ती सप्लाय तोडते.
• प्रत्येक वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबून मग वर आली पाहिजे. वायरवरून ओघळणारं पाणी खालच्या वळणावरून गळतं, सॉकेटमध्ये जात नाही.
• पाण्यात हात घालण्याआधी मेन स्विच बंद. दर वेळी.

जुन्या वायरवर चीर, चिकटपट्टी किंवा हिरवट डाग दिसला तर ते उपकरण बाद.

पाणी तयार करणं

नळाचं किंवा बोअरचं पाणी नको. घरच्या आरओचं पाणीही थेट वापरू नका. अनेक घरगुती आरओ चव यावी म्हणून थोडे क्षार परत मिसळतात. टीडीएस मीटरवर ते पाणी ३०, ५०, ८० असं काहीही दाखवतं. आपल्याला पाचच्या खाली हवं. आरओनंतर डीआय रेझिनचा फिल्टर लावला की ते शून्याजवळ येतं. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला ठेवा.

मीठ मरीन सॉल्ट मिक्सच हवं. स्वयंपाकाच्या किंवा खड्याच्या मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट योग्य प्रमाणात नसतात. लिटरला साधारण ३७ ग्रॅम, म्हणजे आपल्या १५० लिटरसाठी साडेपाच किलो. पाण्यात मीठ टाका, मिठावर पाणी ओतू नका. पंप लावून एक दिवस फिरू द्या आणि मग मोजा.

'समुद्र जवळ आहे, चौपाटीवरून पाणी आणू का?' मुंबईकरांचा नेहमीचा प्रश्न. नको. शहराचं सांडपाणी त्यात मिसळतं आणि पावसाळ्यात खारटपणा खाली येतो.

लक्षात ठेवायचे आकडे:

• खारटपणा: ३५ पीपीटी, किंवा सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६
• तापमान: २४ ते २७ अंश
• पीएच: ७.८ ते ८.४
• अमोनिया: शून्य
• नायट्राइट: शून्य
• नायट्रेट: फक्त माशांच्या टाकीत ४० पीपीएमच्या खाली

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या. सेकंडहँड सेटमध्ये मिळालेला मीटर न जुळवता वापरणं म्हणजे चुकीचा वजनकाटा घेऊन सोनं विकत घेण्यासारखं.

सायकलिंग: इथेच बहुतेक टाक्या हरतात

मासे अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया विषारी. काही सूक्ष्मजीव त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी धोक्याचं आणि पाणी बदलून काढता येतं. या जिवाणूंची वस्ती तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. याला हॉबीवाले 'टाकी सायकल होणं' म्हणतात.

समुद्राच्या पाण्यात हे जास्त महत्त्वाचं का? पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, एक कमी घातक आणि एक जहाल. पीएच एकने वाढला की जहाल रूपाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. गोड्या पाण्याची टाकी सातच्या आसपास असते, मरीन टाकी आठच्या वर. त्यामुळे टेस्ट किटवर तोच आकडा असला तरी इथे धोका कितीतरी मोठा.

पद्धत सोपी आहे. टाकीत मासा नाही. अमोनियम क्लोराइडचं तयार द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमपर्यंत न्या. बाटलीतले जिवाणू मिळतात, ते घाला. दोन दिवसांआड मोजा. आधी अमोनिया पडेल, नायट्राइट चढेल, मग नायट्राइट पडेल. ज्या दिवशी २ पीपीएम अमोनिया घातल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येतील, त्या दिवशी टाकी तयार. त्याआधी नाही, दुकानदार काहीही म्हणो. ओले रॉक आणले असतील तर हे लवकर होऊ शकतं, पण चाचणी तीच.

टेस्ट किटचा रंग दिवसाच्या उजेडात, डोळ्यांनी जुळवा. फोनने फोटो काढून जुळवू नका. कॅमेरा स्वतःच्या मनाने व्हाइट बॅलन्स बदलतो आणि टाकीच्या निळ्या लाइटखाली पिवळ्याचा हिरवा दिसू शकतो.

उन्हाळा, पंखा आणि बाष्पीभवन

आपल्याकडे खरा शत्रू थंडी नाही, एप्रिल-मे. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. म्हणजे मरीन मासे आधीच कमी बजेटवर जगतात.

पाण्यावर वारा मारणारा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान काही अंश उतरतं, माठातलं पाणी गार होतं तसंच. पण हे कोरड्या हवेत चालतं. नागपूर-पुण्याच्या उन्हाळ्यात पंखा कामाचा, मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत त्याचा जोर कमी पडतो. तिथे चिलर लागतो, आणि सेकंडहँड सेटमध्ये चालू चिलर मिळत असेल तर तीच खरी लॉटरी.

उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं. १५० लिटरमधले १० लिटर उडाले तर खारटपणा ३५ वरून ३७.५ वर जातो. म्हणून रोजची भर नेहमी साध्या आरओ-डीआय पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नाही. सम्पच्या काचेवर मार्करने रेघ मारा आणि रोज तिथपर्यंत भरा.

फोनवरून नजर

आता आपल्या आवडीचा भाग. ईएसपी३२ बोर्ड आणि डीएस१८बी२० तापमान सेन्सर, मध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर, एवढ्यावर फोनवर तापमान दिसतं. या सेन्सरची अचूकता अर्ध्या अंशाची आहे आणि ती पुरते. त्याचं स्टीलचं टोक खाऱ्या पाण्यात गंजू शकतं, म्हणून त्यावर हीट-श्रिंक नळी चढवा.

स्मार्ट प्लग वापरणार असाल तर तीन सेटिंग आधी बघा:

१. वीज गेल्यावर परत आली की प्लग कोणत्या अवस्थेत येतो? काही प्लग 'बंद'वर येतात. तुम्ही ऑफिसात, लाइट पाच मिनिटं गेली, परत आली, आणि रिटर्न पंप मात्र संध्याकाळपर्यंत बंद. सेटिंग 'चालू' किंवा 'आधीची अवस्था' ठेवा.

२. हीटर फक्त स्मार्ट प्लगच्या भरवशावर नको. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट २६ वर ठेवा आणि प्लग २७ च्या वर गेलं तर तोडणारा दुसरा पहारेकरी म्हणून ठेवा. एक फसला तर दुसरा.

३. अलर्ट कुठून येतो? लाइट गेली की राउटरही जातो, मग बोर्ड तुम्हाला 'लाइट गेली' हे सांगणार कसं? म्हणून अलर्ट उलटा लावा: बोर्डकडून दहा मिनिटं काहीच आलं नाही तर सर्व्हरने फोनवर कळवायचं. शांतता हीच धोक्याची घंटा.

लाइट गेली तर

फिल्टर काही तास बंद राहिला तरी चालतं, ऑक्सिजन थांबून चालत नाही. यूएसबीवर चालणारा एअर पंप आणि तुमची पॉवर बँक हा सर्वात स्वस्त बॅकअप. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर असतात. व्होल्टेज बदलताना वाया जाणारं धरून २४ हाती लागतात असं समजा. दीड वॉटचा पंप त्यावर सोळा तास चालेल. फक्त एक तपासा: काही पॉवर बँका फार कमी करंट लागला की आपोआप बंद होतात. लाइट जायची वाट न बघता रविवारी दोन तास चालवून बघा.

पहिले मासे आणि महिन्याचा खर्च

सुरुवात ओसेलारिस क्लाऊनफिशच्या एका जोडीने करा. हे मासे हॅचरीत पैदा होतात. भारतातही केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलं आहे. दुकानात 'टँक ब्रेड आहे का' हे विचाराच. असा मासा टाकीतल्या जगण्याला सरावलेला असतो आणि समुद्रातून एक मासा कमी पकडला जातो. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी. तीन फुटी टाकीत चार-पाच लहान मासे पुष्कळ झाले. ब्लू टँग, म्हणजे सिनेमातली 'डोरी', मोठी होते आणि तिला लांब पोहायला जागा लागते. ती या टाकीत नको.

विजेचा हिशेब: रिटर्न पंप २५ वॉट, स्किमर १५, वेव्हमेकर १०, हे चोवीस तास. लाइट ६० वॉट, आठ तास. एवढ्याचे महिन्याला साधारण ५० युनिट होतात. १८० वॉटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तर हाच आकडा ९० च्या पुढे जातो. त्यात दर पंधरा दिवसांनी १५ ते २० लिटर पाणी बदलण्याचं मीठ धरा. टाकीची किंमत एकदाच द्यायची असते, हे दर महिन्याला.

झटपट प्रश्नोत्तरं

मासे मेले, पांढरे ठिपके होते, टाकी पुन्हा वापरू का? वापरा. सगळं रिकामं करून पूर्ण कोरडं करा, परजीवी कोरड्यात टिकत नाही. पाणी न काढता ठेवायचं असेल तर अडीच महिने टाकीत एकही मासा ठेवू नका.

जुना टी५ ट्यूबचा लाइट चालेल? फक्त मासे असतील तर चालेल. कोणताही साधा एलईडीही चालतो.

नंतर छंद सोडायचा झाला तर? मासे समुद्रात, खाडीत किंवा तलावात सोडू नका. दुकानदाराला किंवा दुसऱ्या हॉबीवाल्याला द्या.

किती दिवसांत मासा येईल? सफाई आणि गळती चाचणी एक आठवडा, सिलिकॉन करावं लागलं तर आणखी एक, सायकलिंग चार ते सहा आठवडे. आज टाकी आणली तर दीड-दोन महिन्यांनी. तेवढं थांबायची तयारी असेल तर चॅटचं बटण दाबा, आणि पहिला प्रश्न किमतीचा नको, कॉपरचा विचारा.